वॉर्फडेल डायमंड १२.१ : तानपुरा लावून केलेला रिव्ह्यू

नव्याचे नऊ दिवस संपल्याशिवाय स्पीकरबद्दल लिहू नये असं माझं मत आहे, ते आता संपलेत, तर लिहितो. या जोडीचे रिव्ह्यू इंटरनेटवर ढिगाने आहेत पण जवळजवळ सगळे जॅझ, रॉक, नाहीतर गिटार घेऊन हळू आवाजात गाणारी कोणीतरी बाई ऐकून लिहिलेले. ठीक आहे, ज्याची त्याची आवड. पण आपल्यातल्या ज्या माणसाला रात्री जेवणं उरकल्यावर तासभर बागेश्री ऐकायचाय, रविवारी सकाळी अभंग लावायचेत, मूड लागला तर नाट्यपदं, त्याला त्यातून काय कळणार? ड्रमसेट किती टाइट वाजतो याच्याशी त्याला काय देणंघेणं. म्हणून हा ख्याल ऐकणाऱ्याचा रिव्ह्यू. या छंदात इतक्या वर्षांत जे काय डोक्यात शिरलं तेही मधेमधे येईल, कारण खरं सांगायचं तर डब्बा हा यातला निम्मा भाग, उरलेला निम्मा तुमची खोली आणि तुमचे कान.

आधी जागा सांगतो, जागा न सांगता लिहिलेल्या ऑडिओ रिव्ह्यूला काही अर्थ नसतो. डोंबिवलीतला फ्लॅट. हॉलमध्ये टीव्ही आणि आईच्या मालिका, तिथे आपलं काही चालत नाही, त्यामुळे आतली खोली, १० बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला स्लायडिंग खिडकी, दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. म्हणजे आवाजासाठी जे जे वाईट ते सगळं आहे आणि तुमच्याकडेही बहुधा असंच असणार.

आता स्पीकर. फूटभर उंचीचा डब्बा, १३० मिमीचा म्हणजे साधारण ५ इंची वूफर (खालचे-मधले स्वर वाजवणारा), कोन पॉलिप्रॉपिलीनमध्ये अभ्रक मिसळून केलेला, वर २५ मिमीचा कापडी डोमचा ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा). ८ ओहम, सेन्सिटिव्हिटी (एका वॉटला किती आवाज देतो ते) ८८ डीबी, कंपनी सांगते ६५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. पोर्ट, म्हणजे डब्ब्यातली हवा आतबाहेर जायचं भोक, मागच्या बाजूला, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ही मालिका २०२० सालची, डिझाइनमागे कार्ल-हाइन्झ फिंक नावाचा जर्मन माणूस आहे. मला ही जोडी तीस हजाराच्या आत पडली. फिनिश चांगलं आहे, कोपरे नीट बसलेत, मागची टर्मिनल्स मजबूत आहेत, बायकोने बघून एवढंच म्हटलं की "बरे दिसतायत, पण धूळ तू पुसायचीस".

कंपनी जुनी. गिल्बर्ट ब्रिग्ज या माणसाने १९३२ मध्ये यॉर्कशायरमधल्या इल्कली गावात घराच्या तळघरात सुरू केली, आजूबाजूचं खोरं वॉर्फ नदीचं म्हणून हे नाव. आता मालकी आयएजी या चिनी ग्रुपकडे आहे, क्वाड, मिशन, ऑडिओलॅब हे पण त्यांचेच, तेव्हा ब्रिटिश साउंड वगैरे ऐकून भारावून जायचं कारण नाही. पण ब्रिग्जची एक गोष्ट मला भारी आवडते. त्याने १९५४ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये, क्वाडच्या पीटर वॉकरला सोबत घेऊन, भरल्या सभागृहात खरे वादक आणि त्यांचं रेकॉर्डिंग समोरासमोर वाजवून दाखवलं. म्हणजे बघा, तिथे एका स्पीकरची तुलना दुसऱ्या स्पीकरशी नव्हती, डायरेक्ट मूळ वाद्याशी होती. आज शोरूममध्ये हे कोणी करत नाही. 'अ' पेक्षा 'ब' बरा, 'ब' पेक्षा 'क' महाग, आपण तेवढंच ऐकून घरी येतो, आणि खरा तंबोरा कसा वाजतो हे मधल्यामधे कुठेतरी राहूनच जातं.

शोरूमवरून आठवलं. मुंबईतल्या एका बऱ्या दुकानात (नाव सांगत नाही) डेमोला गेलो होतो, एसी लावलेली खोली, भिंतीला पॅनल, खाली गालिचा, तिथे कुठलाही स्पीकर छानच वाजणार. मुलगा चांगला होता बिचारा, पण लगेच त्याची ठरलेली डेमोची गाणी सुरू, काच फुटल्याचा आवाज, पावसाचा आवाज, मग ती गिटारवाली बाई. मी पेनड्राइव्ह पुढे केला, त्यात नुसता तानपुरा पाच मिनिटं आणि मग एक विलंबित ख्याल. तो म्हणाला, "सर, क्लासिकल? ते काय, कशावरही चांगलंच वाजतं."

हे वाक्य मी बऱ्याच ठिकाणी ऐकलंय आणि ते साफ खोटं आहे. उलट तानपुऱ्याइतकी कडक परीक्षा दुसरी नाही. का ते सांगतो. पुरुष गायक काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी हा त्याचा सा) गात असेल तर मधल्या जोडीच्या तारा साधारण १३९ हर्ट्झवर आणि खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ च्या आसपास. पण तानपुऱ्याची खरी जादू त्या ६९ मध्ये नसतेच, ती घोडीवर तारेखाली सरकवलेल्या दोऱ्याने जी जवारी, म्हणजे तारेची ती झंकारणारी गुंज, खुलते तिच्यात असते. त्या एका तारेतून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे स्वर वरपर्यंत सुटत जातात, आणि त्यातला पाचवा, ३४६ च्या आसपास, तो आपला स्वयंभू गंधार. कोणी छेडलेला नसतो तरी ऐकू येतो. वाईट स्पीकरवर हे सगळं मिळून नुसतं झूंऽऽ होतं, पंप चालू असल्यासारखं. बऱ्या स्पीकरवर चार तारा चार वेळा सुटलेल्या कळतात, तार सुटल्यावर आवाज आधी जरा बंद असतो आणि मग फुलतो, ते फुलणं कळतं. हे फुलणं वूफरपासून ट्वीटरपर्यंत सरकत जातं, त्यामुळे दोघांचा सांधा जिथे आहे तिथे जराही खोट असली तर तानपुरा बरोब्बर तिथेच अडखळतो. ड्रममध्ये ती खोट लपते, इथे लपायला जागाच नाही.

या परीक्षेत ही जोडी पास झाली म्हणून घेतली, बाकी कारण काही नाही. त्याच दुकानात हिच्या दुप्पट किमतीची एक जोडी होती, तिच्यात जवारी जास्त चकचकीत यायची, पहिल्या मिनिटाला वा वाटायचं आणि पाचव्या मिनिटाला कानाशी कोणीतरी कल्हई करतंय असं वाटायला लागायचं. आणि एक गंमत, महागडी जोडी लावताना त्या मुलाचा हात हळूच व्हॉल्यूमवर जायचा. मी म्हटलं, "मित्रा, दोन्ही एका लेव्हलला लाव ना जरा." फोनवरच्या मीटरने मोजून सारखे केल्यावर फरक बराच कमी झाला. हे कायमचं लक्षात ठेवा, एक डीबी जरी जास्त असला तरी कानाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. डॅक (डिजिटल फाइलचा सिग्नल करणारं यंत्र) बदला, वायर बदला, ॲम्प (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बदला, लेव्हल सारखी न करता केलेली कुठलीही तुलना कचऱ्यात टाका. शक्य असेल तर कोणाला तरी पडद्यामागून अदलाबदल करायला सांगा आणि आपण न बघता सांगा कुठला कुठला ते. दहा जण छातीठोकपणे सांगतात त्यातले नऊ फरक या एका उपायाने गायब होतात, मग पैसेही वाचतात.

घरी आणल्यावर आम्ही ब्रिग्जचा प्रयोग आपल्या परीने केला. माझी मोठी बहीण ठाण्याला असते, गाणं शिकते, तिच्याकडे मिरजेचा तानपुरा आहे. (मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, पंढरपूर-मंगळवेढा भागातले भोपळे, ते सगळं ऐकायचं असेल तर तिच्याकडे जा, ती सोडणार नाही तुम्हाला.) ताई तानपुरा गवसणीत घालून रिक्षाने घेऊन आली. आधी त्याच खोलीत एका मित्राच्या रेकॉर्डरवर तो रेकॉर्ड केला, मग ताई भिंतीकडे तोंड करून बसली आणि मी कधी भाच्याला खरा तानपुरा छेडायला सांगायचो, कधी रेकॉर्डिंग लावायचो. ताईने एकदाही चुकवलं नाही. मी जरा हिरमुसलो, विचारलं कशावरून ओळखलंस. तर म्हणाली, "जवारी तशीच आहे रे, गंधार पण येतोय. पण खर्ज सुटला की खरा तानपुरा फरशीतून बुडाला लागतो, हा लागत नाही."

हा या स्पीकरचा मला मिळालेला सगळ्यात अचूक रिव्ह्यू. वरचं सगळं बरोबर, मधलं बरोबर, खर्ज ऐकू येतो पण अंगाला लागत नाही. ६५ हर्ट्झला संपणाऱ्या पाच इंची वूफरकडून दुसरी अपेक्षा करणंही चूक आहे. आणि गंमत म्हणजे खर्जाचा मूळ स्वर थोडा कमी पडला तरी वरच्या पटींवरून कान तो स्वतः भरून काढतो, म्हणून तर छोट्या ट्रान्झिस्टरवरही आपल्या वडिलांना आकाशवाणीवरचा खर्ज 'ऐकू' यायचा. बायकांच्या गाण्यात तर हा प्रश्नच कमी, काळी चारची पट्टी असेल तर खर्जाची तार १०४ च्या आसपास असते आणि तिथे ही जोडी आरामात आहे. किराणा घराण्याची बाईमाणसाची गायकी हिच्यावर काय ऐकू येते म्हणून सांगू, श्वास कुठे घेतला, आकार कुठे जरा पातळ केला, सगळं, आणि तरी कुठे टोचत नाही.

आता खोली. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण लोक इथेच सगळ्यात कमी वेळ घेतात.

ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरा, त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. माझ्या १२ फुटांचे ४७ हर्ट्झ येतात, १० फुटांचे ५६, छताचे ५९. या फ्रिक्वेन्सीला खोली स्वतःच घुमते, स्पीकर कुठलाही आणा. माझ्याकडे ५६ आणि ५९ शेजारीशेजारी आलेत म्हणजे दोघांनी मिळून गोंधळ घालायचा. सुदैवाने खर्जाची तार ६९ वर आहे ती वाचली, पण डग्ग्याचं 'घे' घसरत खाली आलं की खोलीच बोलायला लागते, तबलजी बाजूला राहतो. तुमच्याकडे डग्गा ढब्ब वाजत असेल तर स्पीकर विकायला काढायच्या आधी टेप घेऊन खोली मोजा. चौरस खोली असेल तर मात्र कठीण आहे, दोन्ही बाजूंचे आकडे एकच येतात.

पहिला उपाय फुकट आहे, जागा बदलणे. कोपऱ्यात कोंबलेला स्पीकर जास्त घुमतो, आणि याचा तर पोर्ट मागे आहे. मी भिंतीपासून सव्वा फूट पुढे ओढले, दोघांत ६ फूट अंतर, तोंडं जराशी आत वळवलेली, आणि माझी बैठक साधारण ७ फुटांवर, पाठीमागे अजून ३ फूट मोकळे ठेवून. पाठ भिंतीला टेकवून ऐकू नका, भिंतीशी बेस फुगतो. एवढ्यानेही घुमत असेल तर मागच्या पोर्टात जुना मोजा गुंडाळून घाला. हसू नका, हा जगभरचा जुना उपाय आहे, बेस थोडा कमी होतो पण डग्गा स्वच्छ होतो. रात्री हळू आवाजात मी मोजे काढतो, दिवसा घालतो. (बायको विचारते धुतलेत का.)

दुसरी गोष्ट स्टँड. परदेशी गाइडमध्ये सगळीकडे २४ इंची स्टँड लिहिलेला असतो, का तर ते लोक सोफ्यावर बसतात. मी गादीवर मांडी घालून बसतो, तेव्हा कान जमिनीपासून जेमतेम २८-३० इंचांवर येतो आणि ट्वीटर कानाच्या रेषेत हवा. म्हणून जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून १८ इंची करून घेतले, एमएसचा (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप, खालीवर प्लेट, आत चाळलेली सुकी वाळू भरलेली, काळा रंग. तो मला म्हणाला, "साहेब, स्पीकरला एवढं जड कशाला, तो काय पळून जाणारे?" पण रिकामा पाइप घंटेसारखा वाजतो, वाळूने मुका होतो. तयार इंपोर्टेड स्टँडच्या पाव किमतीत काम झालं. टीव्हीच्या टेबलावर ठेवलेले स्पीकर आणि हे, यातला फरक ऐकायला सोनेरी कान लागत नाहीत.

तिसरं, टाइल्स आणि भिंती. खोलीच्या मधोमध उभं राहून जोरात टाळी वाजवा, मागे 'टर्रर्र' अशी शेपटी ऐकू आली की समजायचं भिंती एकमेकींशी बोलतायत. ताना घेताना याच शेपटीमुळे स्वर एकमेकांवर चढतात. मी स्पीकर आणि बैठकीच्या मध्ये जाड सतरंजी टाकली, त्याखाली जुनी गोधडी, खिडकीला जाड दुपदरी पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांची मांडणी, तीही पुस्तकं मागेपुढे वेडीवाकडी ठेवून. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर एकेक पॅनल, ५० मिमीचा रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), लाकडी चौकट, वर कापड. पॅनलची जागा शोधायची ट्रिक सोपी आहे, आपण बैठकीवर बसायचं आणि दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा, आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण. बायको म्हणाली, "हे शेजाऱ्यांना दिसलं ना, तर त्यांना वाटेल भूत काढतोय आपण." अंड्याचे ट्रे आणि पातळ फोम मात्र लावू नका, ते वरचा आवाज खातात आणि बेसला हातही लावत नाहीत, खोली मेल्यासारखी आणि डग्गा तसाच, असलं काहीतरी विचित्र होतं. कपाटाचं दार वाजत होतं त्याला फेल्टचे तुकडे चिकटवले. एवढं सगळं मिळून स्पीकरच्या किमतीच्या पाव खर्चात बसलं, आणि फरक? हेच स्पीकर ताईने आधी ऐकले होते, तिने विचारलं नवीन घेतलेस का.

ॲम्प आणि वायरवर फार वेळ घालवत नाही. माझा मेहुणा प्रत्येक वेळी विचारतो किती वॉट. गणित साधं आहे. ८८ डीबी म्हणजे एक वॉटला एक मीटरवर. माझ्या बैठकीवर दोन स्पीकर आणि खोली धरून एका वॉटला ऐंशीच्या थोडं वर मिळतं. आणि समोर बसून गाणाऱ्या माणसाचा आवाज सत्तर-पंचाहत्तरच्या आसपास असतो, म्हणजे बहुतेक वेळ माझा ॲम्प अर्धा वॉटही देत नाही. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डीबी वाढतात, कानाला दुप्पट वाटायला दहापट लागतात. टीपीए ३२५५ चिपचा तळहाताएवढा क्लास डी ॲम्प लावलाय, पावसाळ्यातही गरम होत नाही, झालं. वायर २.५ स्क्वेअर एमएमची साधी तांब्याची, लायटिंगची कामं करणाऱ्याच्या दुकानातून मीटरवर मोजून आणलेली. तीन मीटरला जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०५ ओहमच्या आसपास येतो, ८ ओहमच्या स्पीकरसमोर त्याची काय मातब्बरी. हजारो रुपयांची जाड विणलेली वायर दिसायला छान असते, पाहुण्यांना दाखवायची असेल तर घ्या.

खरा खर्च व्हायला हवा तो गाण्यावर. सीडीचे १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ आपल्या कामाला भरपूर आहेत, अॅपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस (आवाजातलं काही न कापलेलं) वेगळे पैसे न देता मिळतंय, त्यामुळे फाइलचा प्रश्न मिटलाच म्हणायचा. प्रश्न रेकॉर्डिंगचा आहे. आपलं अर्धं वैभव ७८ च्या तबकड्यांवर, साडेतीन मिनिटांत बसवलेलं, आणि १९२५ च्या आधीचं तर मायक्रोफोनशिवाय, भोंग्यात तोंड घालून गायलेलं. गौहरजानच्या १९०२ च्या कलकत्त्याच्या रेकॉर्ड्समध्ये आवाज तसा का येतो हे कळलं की ऐकण्यातला त्रास जातो. मग येतात साठ-सत्तरच्या दशकातल्या एलपी, मोनो असल्या तरी आवाज भरलेला. आणि मग खाजगी मैफलींच्या कॅसेटी, कोणीतरी पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर ठेवून उचललेल्या, ज्या आता यूट्यूबवर सापडतात.

मला वाटलं होतं चांगल्या स्पीकरवर या कॅसेटी ऐकवणार नाहीत. झालं वेगळंच. टेपची खरखर वेगळी पडते आणि गाणं तिच्या मागून वेगळं येतं, दोन थर झाल्यासारखे, थोड्या वेळाने खरखरीकडे लक्षच जात नाही. उलट समेवर आलेली दाद, कोणाचा तरी खोकला, हार्मोनियमवाल्याच्या भात्याचा श्वास, बुवांनी तबलजीला हळूच "जरा चढव" म्हटलेलं, हे सगळं जागेवर ऐकू येतं. ऐकवत नाही ते 'रीमास्टर' या नावाखाली खरखर पुसून, वर एको टाकून, बेस फुगवून विकलेलं. फोनवर ते बरं वाटतं. इथे तानपुरा पाण्याखाली गेल्यासारखा ऐकू येतो, दोन मिनिटांत बंद करावंसं वाटतं. त्यामुळे झालंय काय की माझी ऐकायची यादीच बदलली, एकाच मैफलीची तीन-चार अपलोड शोधून त्यातलं सगळ्यात कमी 'सुधारलेलं' जपून ठेवायची सवय लागली.

तबकड्यांवरून एक धोक्याची सूचना, पावसाळ्यात बुरशी आली की लोक स्पिरिटने पुसायला जातात. विनाइल एलपीला डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडं आयसोप्रोपिल चालतं. ७८ ची जुनी तबकडी लाखेची असते, अल्कोहोलने लाख विरघळते. आजोबांचा ठेवा पुसून टाकाल शब्दशः.

पावसाळ्याचं निघालंच आहे तर, जुने सेकंडहँड स्पीकर घेताना कोनच्या कडेचा फोम बोटाने बघा, आपल्या दमट हवेत तो भुगा होतो. या जोडीला रबर आहे, ती चिंता नाही. विजेचं मात्र बघून घ्या. लॅपटॉप चार्जरला लावून ॲम्पला जोडला की ५० हर्ट्झची गूं यायची, चार्जर काढला की गप्प, म्हणजे अर्थिंगचा लूप. फोनवरून वाजवायला लागलो, प्रश्न सुटला. आणि लाइट गेल्यावर स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर असेल तर स्पीकरमधून भुंगा येऊ शकतो, तिथे स्पीकरला शिव्या घालून उपयोग नाही.

आता काय होत नाही ते. गणपतीत भाच्याने ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावलं, ताशा मस्त कडाडला, ढोल मात्र लांबच्या गल्लीतून आल्यासारखा. पखवाजाच्या धुमाकिटातला खालचा भरणा कमी पडतो, ध्रुपद ऐकणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. नव्या सिनेमातली गाणी, ज्यात सगळा जीव बेसमध्ये असतो, ती वाजतात, पण ज्यांना छातीत धडधड हवी त्यांना मजा येणार नाही. सबवूफर लावा असं सगळे सांगतात. लावता येईल, पण माझ्या खोलीची ५६-५९ ची खोड बघता सब म्हणजे आगीत तेल, आणि खालच्या मजल्यावर काकांचं ब्लड प्रेशर आहे. मी नाही लावणार. मोठ्याने ऐकण्याचं तसंही फार कौतुक नको, डब्ल्यूएचओ मोठ्यांसाठी ८० डीबीला आठवड्याला ४० तास म्हणते, त्यावर गेलात की तास भराभर कमी होतात. तानपुरा ऐकायचे कान एकदाच मिळतात.

हेडफोनवाले म्हणतील एवढा खटाटोप कशाला. जवारी हेडफोनवर जास्त बारीक ऐकू येते हे मान्य. पण गाणारा डोक्याच्या आत बसून गातो. इथे तो समोर बसतो, साधारण माणसाच्या उंचीवर, डाव्या हाताला तबला, उजवीकडे पेटी, आणि आई दारातून विचारू शकते की कोणाचं चाललंय रे, आणि मग येऊन बसते. मालिका सोडून, हे विशेष.

तर कोणी घ्यावी ही जोडी? छोटी ते मध्यम खोली, ख्याल-ठुमरी-अभंग-भावगीतं, व्हॉल्यूम माणसाच्या आवाजाइतका, आणि भिंतीपासून फूट-सव्वा फूट ओढायची घरात परवानगी. खोली १२ बाय १६ किंवा त्याहून मोठी असेल तर याच मालिकेतला मोठा वूफर असलेला १२.२ ऐकून बघा. टीव्ही युनिटच्या कप्प्यात, भिंतीला पाठ चिकटवूनच ठेवायचे असतील तर मागे पोर्ट असलेला कुठलाच स्पीकर घेऊ नका, पुढे पोर्ट असलेला किंवा बंद डब्ब्याचा बघा. दुकानात जाताना पेनड्राइव्हमध्ये नुसता तानपुरा न्या, पाच मिनिटांचा, आणि पाचही मिनिटं बसून ऐका. सेल्समन घड्याळ बघेल, बघू दे.